नळातला कचरा आणि नियमांतील पोकळी

कारखान्याच्या उद्घाटनाचे वृत्त आपण नेहमी वाचतो. मंत्री येतात, नारळ फुटतो, कोनशिलेवरचा पडदा दूर होतो आणि इतके मेगावॅट वीज किंवा इतके टन खत आता निर्माण होणार, असे आकडे दुसऱ्या दिवशीच्या अंकात झळकतात. या समारंभाच्या काही आठवडे आधी त्याच आवारात एक काम चाललेले असते. त्याचे वृत्त मात्र सहसा कोठे येत नाही. ते काम म्हणजे नव्या नळांची सफाई. वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या या कामात एक रूढ पण घातकी पद्धत वापरली गेली आणि २०१० मध्ये अमेरिकेत सहा माणसे प्राणास मुकली. रूढी, सोय आणि नियमांचे मौन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे समजून घेण्यासाठी ती घटना पुन्हा तपासली पाहिजे.

नवा नळ आतून स्वच्छ नसतो. मैलभर लांबीचे नळ तुकड्यातुकड्यांनी जोडले जातात. प्रत्येक जोडाशी वेल्डिंगचे थेंब आणि मळी उरते, कांड्यांची थोटके आत पडतात. गंज, वाळू, लोखंडी कीस, क्वचित एखादा विसरलेला बोल्टही आत राहतो. पुढे याच नळातून वाफ किंवा वायू प्रचंड वेगाने धावू लागला, की तो कीस बंदुकीच्या छऱ्यांसारखा टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. आपल्या देशात ही पाती सामान्यतः मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीने फिरतात. वायूवर चालणाऱ्या टर्बाइनमध्ये तर इंधन सोडणारी छिद्रे इतकी बारीक असतात, की थोड्याशा कचऱ्यानेही ती तुंबतात. म्हणूनच नळ स्वच्छ असल्याची खात्री पटल्यावाचून यंत्र सुरू होत नाही.

वाफेच्या नळांसाठी रूढ असलेली पद्धत मोठी कल्पक आहे. बाष्पित्रात वाफ तयार करून ती टर्बाइनकडे न नेता तात्पुरत्या नळावाटे उघड्यावर सोडली जाते. रोजच्या वापरात वाफेची जी ओढ असते, तिच्याहून या झोताची ओढ मुद्दाम अधिक ठेवतात. या ओढीला जो कण दाद देत नाही, तो पुढे रोजच्या कामातही हलणार नाही, असा त्यामागील हिशेब असतो. झोतांच्या दरम्यान नळ थंड होऊ देतात. पोलाद आणि त्यावरची खपली यांचे आकुंचन-प्रसरण सारखे नसल्यामुळे खपली सुटते आणि पुढच्या झोताबरोबर निघून जाते. शेवटी वाफेच्या मार्गात आरशासारखी घासलेली धातूची पट्टी धरतात. तिच्यावर कणांच्या आघाताने उमटलेले खळगे मोजतात आणि ते ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत झोत सोडीत राहतात. कोराडी-चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांतील संचांनाही वीज देण्यापूर्वी या परीक्षेतून जावे लागते.

सोयीचा मोह

इंधनवायूच्या नळांचा प्रश्न येथून वेगळा होतो. त्यांत झोत कशाचा सोडावयाचा? दाबाखालची हवा चालते, नायट्रोजन चालतो. वायूच्या दाबाने नळातून ढकलला जाणारा घासणीचा दट्ट्याही चालतो. परंतु हवेसाठी मोठे कॉम्प्रेसर भाड्याने आणावे लागतात, नायट्रोजन विकत घ्यावा लागतो. इंधनवायू मात्र मुख्य वाहिनीतून दाबासकट दारात येऊन उभा असतो. झडप उघडली की झोत तयार! तेव्हा ज्या वायूसाठी नळ बांधला, त्याच ज्वालाग्राही वायूने तो धुऊन काढण्याची प्रथा अमेरिकेतील वीजकेंद्रांत रुळली.

७ फेब्रुवारी २०१० रोजी, रविवारी सकाळी, कनेक्टिकट राज्यातील मिडलटाउन येथे क्लीन एनर्जी या ६२० मेगावॅटच्या बांधकामाधीन केंद्रात हेच चालले होते. वायूचे झोत एकामागून एक सोडले जात होते. त्या दिवशी एकंदर सुमारे २० लाख घनफूट वायू बाहेर पडला. त्यांपैकी जवळजवळ ४ लाख ८० हजार घनफूट अखेरच्या दहा मिनिटांत. शंभर फूट लांब, शंभर फूट रुंद आणि अठ्ठेचाळीस फूट उंच दालन भरेल, एवढा हा वायू. नळाची तोंडे जमिनीपासून वीस फुटांच्याही आत होती आणि झोत आडवा, इमारतीलगतच्या दाटीच्या जागेत जात होता. हवेत हा वायू सुमारे ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीची वाट पाहत असतो. आणि बांधकामाच्या जागी ठिणगीला काय तोटा? अकराच्या सुमारास स्फोट झाला. सहा कामगार ठार झाले, सुमारे पन्नास जखमी झाले.

या दुर्घटनेतील खरी चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ९ जून २००९ रोजी उत्तर कॅरोलायनातील गार्नर येथे एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, नव्या नळातील हवा काढण्यासाठी इंधनवायू इमारतीतच सोडल्याने स्फोट होऊन चार जण दगावले होते. त्यासंबंधीच्या तातडीच्या शिफारशी अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने ४ फेब्रुवारी २०१० रोजी संमत केल्या. मिडलटाउनचा स्फोट त्यानंतर अवघ्या तिसऱ्या दिवशी झाला. पण शिफारस वेळेवर पोचली असती तरी तिचा उपयोग झालाच असता असे नाही; कारण इंधनवायूची जी राष्ट्रीय संहिता ती सुधारू पाहत होती, तिच्या कक्षेतून वीजकेंद्रे मुळातच वगळलेली होती.

शहाणपण आणि सक्ती

स्फोटानंतर चक्रे फिरली. कामगार-सुरक्षा खात्याने १ कोटी ६६ लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला, अशा सफाईसाठी २०११ मध्ये स्वतंत्र संहिता निघाली आणि कनेक्टिकट राज्याने वीजकेंद्रांत ज्वालाग्राही वायूने नळ साफ करण्यावर कायद्याने बंदी घातली. यांतील बंदीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ या शब्दांत लिहिलेला नियम कंत्राटाच्या मुदतीपुढे टिकत नाही. मुदत जवळ आली, उशिराचा दंड डोक्यावर टांगला, की काळजीचा अर्थ जागच्या जागी बदलतो. धोक्याची पद्धत काळजीपूर्वक वापरण्यापेक्षा, निर्धोक पर्याय हाताशी असताना ती पद्धतच वर्ज्य करणे हे अधिक शहाणपणाचे.

आपल्याकडेही वायूचे जाळे शहरोशहरी पसरत आहे. कारखाने, वसाहती, स्वयंपाकघरे त्याला जोडली जात आहेत. अशा वेळी जेथे जेथे ही मनाई निःसंदिग्ध शब्दांत नसेल, तेथे ती घातली पाहिजे. नळसफाई हे निविदेतील स्वतंत्र कलम असावे, तिचा खर्च आणि तिचे दिवस आधीच धरलेले असावेत, झोताच्या वेळी ज्यांचे तेथे काम नाही अशा प्रत्येकाला आवाराबाहेर काढण्याचे बंधन असावे. या मागण्या अवघड नाहीत. भाड्याच्या कॉम्प्रेसरचा खर्च उद्घाटनाच्या मांडवाशी ताडून पाहिला, तरी त्या महाग आहेत असे म्हणण्यास कोणी धजणार नाही.