यंत्रमानव, तारा आणि तर्कशास्त्र

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रमानवाच्या तारांवर लेख लिहावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु आमच्या वसतिगृहात निरनिराळ्या महाविद्यालयांच्या मुली एकत्र राहतात आणि माझ्या खोलीतली मैत्रीण अभियांत्रिकीच्या 'रोबोकॉन' चमूत आहे. तिच्या कार्यशाळेत बसून जे पाहिले, विचारले आणि समजून घेतले, ते माझ्यासारख्या विज्ञानाचा गंध नसलेल्या वाचकांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

रोबोकॉन ही विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या यंत्रमानवांची स्पर्धा. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने ती २००२ साली टोकियोत सुरू केली. २००८ आणि २०१४ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. २००८चा खेळ तर आपल्या गोविंदाच्या दहीहंडीवरच बेतलेला होता. सामना अवघ्या तीन मिनिटांचा. वर्षभराची मेहनत त्या तीन मिनिटांत पणाला लागते आणि ती मातीमोल करायला वीतभर तार पुरते.

यंत्रमानवाला 'एक मीटर पुढे जा' असे सांगितले, तर आपण किती गेलो हे त्याला कळते कसे? मोटारीच्या पाठीशी बसवलेल्या एन्कोडरमुळे. हा चाकाचा हिशेबनीस. मोटारीच्या दांड्याबरोबर एक लहानशी चकती फिरते आणि तिच्याजवळ 'ए' व 'बी' असे दोन संवेदक असतात. चकती फिरली की दोघांकडून विजेचे ठोके निघतात, पण एकाच वेळी नव्हे; एकाचा ठोका दुसऱ्याच्या जरा आधी येतो. 'ए' आधी आला तर चाक सुलटे, 'बी' आधी आला तर उलटे. चाक किती फिरले हे एकटा संवेदकही सांगेल. कोणत्या दिशेने फिरले, हे दोघांच्या साक्षीशिवाय ठरत नाही. मैत्रिणीच्या मोटारीत दांड्याच्या एका फेऱ्याला २८ मोजण्या होतात. दांड्याचे वीस फेरे म्हणजे चाकाचा एक. तेव्हा चाकाच्या फेऱ्याला ५६०.

एन्कोडरपासून नियंत्रकापर्यंत सहसा चार तारा जातात : वीज, ग्राउंड, 'ए' आणि 'बी'. कोणती तार कोणत्या रंगाची, हे बनवणाऱ्यागणिक बदलते. म्हणून रंगावर विसंबू नये, मोटारीसोबतचा कागद पाहावा. विजेची तार भलत्या जागी गेली तर संवेदक जळूही शकतो.

आता गंमत अशी, की यंत्रमानव वाकडा चालला की सगळे जण आधी संगणकातील प्रोग्रॅम तपासू लागतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! त्याआधी एक साधी परीक्षा करावी. मोटारीची वीज बंद ठेवून, एन्कोडरची मात्र चालू ठेवून, चाक हाताने बरोबर एक फेरा फिरवावे व पडद्यावरचा आकडा पाहावा. आकडा ५६०च्या आसपास गेला तर हिशेबनीस शुद्धीवर आहे. आकडा हललाच नाही तर वीज वा ग्राउंडची तार सुटली असावी किंवा प्लग दुसऱ्याच खाचेत गेला असावा. आकडा ०, १, ०, १ असा जागच्या जागी नाचत राहिला, तर 'ए' किंवा 'बी' यांपैकी एक तार मुकी झाली आहे. एकच साक्षीदार उरल्याने यंत्राला प्रत्येक पाऊल पुढे आणि लगेच मागे वाटते. तार हलवताच आकडा उड्या मारू लागला तर प्लग सैल आहे. हाताने फिरवताना सारे ठीक, पण मोटार सुरू होताच चूक, असे असेल तर मोटारीच्या जाड तारांतील विजेचा गोंगाट शेजारच्या बारीक तारांत शिरत असेल; त्या एकमेकींपासून दूर न्याव्यात.

सर्वांत धोक्याचा दोष वेगळाच. 'ए' आणि 'बी' यांची अदलाबदल झाली तर चाक पुढे जाते आणि आकडा मागे. ५६० गाठायचे असताना यंत्राला उणे १० दिसतात. म्हणजे अजून ५७० बाकी! ते जोर वाढवते, तसतसे अंतर वाढलेलेच दिसते. चूक सुधारण्याची धडपडच चूक वाढवत नेते आणि यंत्र सुसाट भिंतीवर वा कोणाच्या पायावर जाते. म्हणून पहिली चाचणी नेहमी चाके अधांतरी राहतील अशी, ठोकळ्यांवर ठेवून करतात. उपाय तीन : 'ए-बी' बदला, मोटारीच्या दोन तारा बदला किंवा प्रोग्रॅममध्ये चिन्ह बदला. मात्र यांतला एकच करावा. दोन केले तर दोन नकारांचा होकार होतो आणि दोष जागच्या जागी.

इथे मला आमचा तर्कशास्त्राचा तास आठवला. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली मांडलेली व्यतिरेक पद्धती आपण परीक्षेपुरती पाठ करतो : बाकी सारे तेच ठेवा, एकच गोष्ट बदला आणि फळ बदलते का ते पाहा. कार्यशाळेत नेमके हेच चालते. वीज बंद करून बिघडलेल्या चाकाची केबल चांगल्या चाकाच्या केबलशी बदलतात. दोष केबलबरोबर गेला तर केबल दोषी. मोटारीपाशीच राहिला तर एन्कोडर. नियंत्रकाच्या खाचेपाशी राहिला तर खाच. घाईने एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तरी कशामुळे चालले ते कळत नाही. आणि ऐन सामन्यात तोच दोष पुन्हा उभा राहतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पण हे शास्त्र घरात अगदीच परके नव्हते, हे आता कळते. सातवी शिकलेले माझे वडील विहिरीवरची मोटार बंद पडली की आधी फ्यूज पाहतात, मग स्टार्टर, मग केबल. मोटार उघडायची पाळी सर्वांत शेवटी. तीन फेजपैकी कोणत्याही दोन तारा बदलल्या की मोटार उलटी फिरते, हेही त्यांना ठाऊक आहे. मिलचे नाव मात्र त्यांनी ऐकलेले नाही. पुस्तकातला तर्क आणि हातातला तर्क यांची गाठ घालून देणे, हे आपण शिकणाऱ्यांचे काम आहे, असे मला वाटते.