इंटरनेटची वाट कोण ठरवते?

आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप करतो आणि क्षणार्धात ते पान समोर उघडते. पुष्कळदा ते सातासमुद्रापलीकडून आलेले असते. ते कोणत्या वाटेने आले आणि ती वाट कोणी ठरवली, असे मला अनेक जण विचारतात. कुठेतरी एक मोठे केंद्र असेल आणि तिथे साऱ्या जगाचा नकाशा असेल, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात असे केंद्र नाही.

इंटरनेट ही सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळ्यांची बांधलेली मोट आहे. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका, प्रत्येकाचे जाळे वेगळे आणि मालकही वेगळा. प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक दिलेला असतो. आपल्या मजकुराचे लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. राउटर नावाचे यंत्र तो पत्ता वाचून तुकडा पुढच्या राउटरकडे सोपवते. पुढचे पुढचा पाहील!

मग राउटरला वाट कळते कशी? शेजाऱ्याकडून. यासाठीची पद्धत १९८९ साली कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या अभियंत्यांनी जेवताजेवता कागदी नॅपकिनांवर आखली. तिचे नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी. ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत,’ असे एक जाळे शेजाऱ्याला सांगते. शेजारी त्यात आपला क्रमांक जोडून निरोप पुढे देतो. असा तो जगभर पोहोचतो. आलेल्या निरोपात आपलाच क्रमांक दिसला, तर ती वाट सोडून दिली जाते; नाहीतर मजकूर गोल गोल फिरत राहील.

एकाच ठिकाणी जाणाऱ्या अनेक वाटा कळल्या, तर निवड कशी होते? इथे पहिला विचार बहुधा पैशाचा असतो. जे जाळे आपले गिऱ्हाईक आहे, त्याच्यातून जाणारी वाट सर्वांत प्रिय. ज्याच्याशी फुकट देवाणघेवाणीचा करार आहे, ते त्यानंतर. ज्याला पैसे मोजावे लागतात, ते शेवटी. हा पसंतीक्रम जाळ्याचा मालकच लावून देतो. तिथे बरोबरी झाली, तर ज्या वाटेवर कमी जाळी लागतात ती घेतली जाते. किलोमीटर कोणी मोजत नाही. म्हणूनच एके काळी भारतातल्याच दोन सेवादात्यांमधला मजकूर परदेशाची वारी करून परत येत असे. ते टाळण्यासाठी २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली.

या सगळ्यावर मात करणारा आणखी एक नियम आहे. जो पत्ता अधिक नेमका, तो आधी मानायचा. टपाल वेगळे करणाऱ्याकडे पुण्यासाठी ‘४११’ची एक पिशवी असेल आणि ‘४११०३०’ची वेगळी पिशवी असेल, तर सदाशिव पेठेचे पत्र दुसरीतच पडणार. तसेच हे.

या साध्या नियमाने २४ फेब्रुवारी २००८ रोजी गोंधळ उडवला. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला होता. यूट्यूब आपल्या १०२४ पत्त्यांची एकत्र घोषणा करत असे. पाकिस्तान टेलिकॉमने त्यांतल्या २५६ पत्त्यांची वाट स्वतःकडे असल्याचे जाहीर केले. ही घोषणा देशातच राहायला हवी होती. ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीपर्यंत गेली आणि तिथून काही मिनिटांत जगभर पसरली. नेमका पत्ता म्हणून राउटरांनी तीच मानली आणि सुमारे दोन तास जगातल्या बऱ्याच भागात यूट्यूब दिसेनासे झाले. गंमत अशी, की यंत्र एकही बिघडले नव्हते. प्रत्येक राउटर नियमानेच वागत होता. फक्त शेजाऱ्याचे म्हणणे खरे आहे का, हे पाहण्याची सोय त्याच्याकडे नव्हती.

आता ती सोय येत आहे. पत्त्यांचा खरा मालक कोणत्या जाळ्याला घोषणेचा अधिकार देतो, याचे डिजिटल सही असलेले प्रमाणपत्र मिळते. राउटर ते ताडून पाहू शकतो. २०२४ सालापर्यंत निम्म्याहून अधिक मार्गांना असे प्रमाणपत्र मिळाले होते. मात्र त्यातून कळते ते एवढेच, की घोषणा योग्य जाळ्याच्या नावाने झाली आहे. मधल्या वाटेवरच्या प्रत्येकाने खरे सांगितले की नाही, हे त्यातून कळत नाही. तेवढ्या भागासाठी आपली बँकेची कामे आणि परदेशातल्या मुलांशी होणारे बोलणे आजही शेजाऱ्याच्या शब्दावरच चालते.