ग्रहांचा अंमल, बुद्धाची आज्ञा

दक्षिण श्रीलंकेतील खेड्यात एखाद्याचे दुखणे लांबले, व्यवहारात खोट येत राहिली आणि ज्योतिषाने पत्रिका पाहून शनीची किंवा राहूची अनिष्ट दशा चालू असल्याचा निर्वाळा दिला, म्हणजे घरची मंडळी विहारातील भिक्षूंना पाचारण करून ‘पिरित’ म्हणवितात आणि तेवढ्याने समाधान न झाल्यास ‘बलि’ हा ग्रहशांतीचा विधी करण्यासाठी ॲदुराला, म्हणजे असे विधी करणाऱ्या मांत्रिकाला, वर्दी देतात. पिरितात मंगल, रतन व करणीयमेत्त या सुत्तांचे पठण चालू असता भिक्षूंच्या हातांतून फिरणारा पांढरा दोरा पुढे मनगटांवर बांधला जातो आणि घटातील पाणी तीर्थासारखे वाटले जाते. आपल्याकडील बौद्ध घरांतही परित्राणपाठ होत असल्यामुळे हा भाग मराठी वाचकास परका वाटणार नाही.

बलीचे काम मात्र निराळे. मी पाहिले त्या अंगणात बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर ओल्या मातीचा लेप चढवून ग्रहदेवतेची उठावाची मूर्ती घडविणे सकाळपासूनच चालले होते. ॲदुरा अंगठ्याने नाकाची कड उचली, ओल्या बोटाने ती गुळगुळीत करी आणि रंग भरताना डोळे शेवटी राखून ठेवी, तर पोरे नारळाच्या कोवळ्या झावळ्या चिरून तोरणे विणीत. रात्री रुग्णाला मूर्तीसमोर बसवून मूर्तीपासून आलेला दोरा त्याच्या हाती दिला, ढोल घुमू लागला आणि कवने सुरू झाली. मधूनमधून त्याच्या मस्तकापाशी व खांद्यांपाशी लिंबे धरून ती अडकित्त्याने कातरली जात. उजाडताच दिवसभर खपून घडविलेली ती मूर्ती निःशंकपणे मोडून टाकण्यात आली.

ब्रह्मजालसुत्तात ग्रहनक्षत्रांची भाकिते सांगून पोट भरणे श्रमणाला गैर ठरविले आहे. त्याला धरून भिक्षू अशा प्रसंगी सहसा सुत्तपठणाची हद्द ओलांडीत नाहीत आणि बलीचा वारसा बेरव या वादक जातीतील गृहस्थ ॲदुरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. एवढ्यावरून बलीला निव्वळ भोळसटपणा म्हणून निकालात काढणाऱ्यांनी ती कवने लक्षपूर्वक ऐकावीत. त्यांत ग्रहाचा अंमल कबूल केलेला असतो, पण त्या अंमलाचा परवाना बुद्धाकडून आलेला मानतात. ग्रहाची मनधरणी होते ती बुद्धगुणांची ग्वाही देऊन. शनीला इतके मानूनही त्याला दुय्यम अधिकारी ठरविणारा हा विधी, माझ्या मते, बौद्ध धर्माबाहेरचा नव्हे.