शस्त्रक्रियेनंतरची जखम : दक्षता आणि उपचार

म्हैसूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेले श्रीरंगपट्टण ही टिपू सुलतानाची राजधानी होती. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कुशल कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

त्यात शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व नंतरच्या शुश्रूषेला आहे. पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडी पट्ट्या चार दिवस हलविल्या नाहीत. नंतर तुपात भिजविलेले कापड ठेवले. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजविले आणि कपाळाशी असलेला त्वचेचा दुवा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला. त्या काळी रोगजंतूंचे ज्ञान नव्हते. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. म्हणूनच त्या कारागिराचा संयम आजही अनुकरणीय असला, तरी घरचे तूप वा हळद जखमेवर लावणे मात्र आज टाळावे.

संसर्ग कसा ओळखावा?

पहिले दोन-तीन दिवस किंचित लाली, सूज व वेदना असणे स्वाभाविक आहे; ती उत्तरोत्तर कमी व्हावयास हवीत. उलट वेदना वाढणे, लाली पसरणे, जागा गरम लागणे, पू वा दुर्गंधी येणे, टाके उसवणे किंवा १००.४ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप येणे ही संसर्गाची लक्षणे होत. काळसर त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे ऊब, सूज व कडकपणा पाहावा. बहुतेक संसर्ग ३० दिवसांत प्रकट होतात. कृत्रिम सांधा बसविला असल्यास ९० दिवस लक्ष ठेवावे.

उपचार

पू साठला असल्यास केवळ गोळ्यांनी भागत नाही. डॉक्टर आवश्यक ते टाके काढून पू वाहू देतात, जखम स्वच्छ करतात आणि पुवाचा नमुना तपासणीस पाठवितात. कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे त्यावरून ठरते. उरलेल्या जुन्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्यास जंतू दाद देईनासे होतात. त्वचा काळी पडणे, फोड येणे, असह्य वेदना, धाप लागणे किंवा भ्रम होणे अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

पूर्वतयारी

शस्त्रक्रियेपूर्वी स्नान करावे. त्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. सूक्ष्म ओरखड्यांतून जंतू शिरतात. मधुमेह आटोक्यात ठेवावा, तंबाखू सोडावी. जखमेला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत.

टाके घातले म्हणजे शस्त्रक्रिया संपली, असे नव्हे. जखम पूर्ण भरेपर्यंत ती चालूच असते. तेवढे दिवस रुग्णाने व घरच्यांनी दररोज उजेडात जखम पाहावी आणि शंका येताच डॉक्टरांना दाखवावी, यातच खरे शहाणपण आहे.