रोहित पक्षी मळकट का दिसतो?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, इंदापूर तालुक्यातील भिगवण-कुंभारगाव परिसरात, हिवाळ्यापासून रोहित पक्षी दिसू लागतात. फिल्मच्या एस. एल. आर. कॅमेऱ्याने त्यांचा फोटो घेतला, प्रकाशमापकाचा काटाही नेमका मध्यावर आणला, तरी पांढरा पक्षी मळकट येतो. स्लाइड फिल्मवर तर हे फारच जाणवते. असे का व्हावे?

पेंटॅक्स के-१००० हा १९७६ ते १९९७ या काळात बनलेला कॅमेरा घ्या. नवशिक्याला शिकायला तो उत्तम, कारण छिद्र आणि झडपेचा वेग दोन्ही आपणच ठरवायचे. बॅटरी लागते ती केवळ मापकाला. हा मापक भिंगातून आलेला प्रकाश मोजतो, पण समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरूनच. चकाकते पाणी आणि पांढरे पंख दिसले की बिचारा ‘उजेड फार’ असे सांगतो. आपण छिद्र लहान करतो आणि फिल्मवर प्रकाश कमी पडतो. बारामती तालुक्यातील मयूरेश्वर अभयारण्यात, वाळल्या गवतातला चिंकारा टिपताना अशी फसगत सहसा होत नाही.

पाण्यावर मात्र युक्ती करावी लागते. सूर्य पाठीशी ठेवा. त्याच उन्हातील काठच्या हिरव्या गवताकडे कॅमेरा वळवून काटा जुळवा. १०० गतीच्या फिल्मला भर उन्हात साधारण एफ/१६ आणि १/१२५ सेकंद येईल. उडत्या पक्ष्याला हा वेग अपुरा. १/५०० केल्यास प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणून छिद्र दोन पायऱ्यांनी मोठे, म्हणजे एफ/८ करा. आता पक्ष्याकडे वळा. काटा मध्यावरून सरकेल. तिकडे खुशाल दुर्लक्ष करा.