‘विदस्टँड’ म्हणजे सोसणे नव्हे

नववीच्या वर्गात आम्ही फळ्यावर वाक्य लिहिले, ‘द ओल्ड वॉल विदस्टुड द फ्लड.’ एका मुलीने झटकन मराठी केले, ‘जुनी भिंत पुरासोबत उभी राहिली.’ वर्ग हसला. आम्हालाही हसू आले, पण ‘विद’ म्हणजे ‘सोबत’ हे आम्हीच तिला शिकवले होते. जुन्या इंग्रजीत ‘विद’चा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘फाइट विद’मध्ये तो आजही शिल्लक आहे. म्हणजे विदस्टँड करणे हे विरोधात उभे राहणे, आणि उभेच राहणे. नुसते सोसायचे असेल तर इंग्रजीत ‘एंड्युअर’ हा वेगळा शब्द आहे. (विदस्टँडपुढे पुन्हा ‘अगेन्स्ट’ लावू नये, मुले हमखास लावतात.)

तिने विचारले, ‘मग उर्दूत याला सब्र म्हणायचे का?’

आम्ही क्षणभर थांबलो. आपल्या घरांतून सब्र हा शब्द कधी ऐकू येतो? मुलगी सासरचा जाच सांगू लागली की. ‘बेटी, सब्र कर,’ म्हणजे गप्प बस. अरबीत मात्र सब्रच्या मुळाशी स्वतःला आवरून, रोखून धरणे आहे. कुरआनने तर युद्धाच्या प्रसंगीही सब्र सांगितले आहे. तिथे गप्प बसणे हा अर्थ कसा लागेल?

हा अर्थ जगलेला एक माणूस आपल्या वर्ध्यात राहून गेला. 1934 मध्ये खान अब्दुल गफ्फार खान तुरुंगातून सुटले, पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायला इंग्रज सरकारने त्यांना बंदी केली. ते वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्याकडे आले. मुंबईत केलेल्या एका भाषणावरून डिसेंबरात त्यांना इथूनच पकडून नेले आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. सब्र हे प्रेषितांचे (स.) शस्त्र आहे, असे ते आपल्या खुदाई खिदमतगारांना सांगत. त्या पठाणांनी हात न उचलण्याची शपथ घेतली होती, अन्याय मुकाट्याने मानण्याची नव्हे. 1930 मध्ये पेशावरच्या किस्साखानी बाजारात गोळीबार झाला, तरी त्यानंतर चळवळ वाढतच गेली.

वर्गात एवढे सगळे सांगायला वेळ नव्हता, तास संपला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वही दाखवली, ‘जुनी भिंत पुराला तोंड देत उभी राहिली.’ खाली कंसात उर्दू लिपीत ‘सब्र’. इंग्रजीच्या वहीत उर्दू चालत नाही, पण आम्ही तो शब्द खोडला नाही.