पाचटाचा विनियोग

उंसाची तोड संपल्यावर लोणंदच्या बाजूस रात्रीं अनेकदां शेतांतून ज्वाळा उठतांना दिसतात. पाचट जाळून रान मोकळें करण्याची ही चाल आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. तिच्यापायीं काय गमावलें जातें, याचा हिशेब येथें मांडण्याचें योजिलें आहे.

उंसाच्या टाकाऊ भागांपैकीं चिपाड कारखान्याच्या ताब्यांत राहतें. तें बॉयलरखालीं जळून त्याच्या वाफेवर वीजही निघते. भेंड वेगळें केलें असतां त्याच्या लगद्यापासून चांगला कागद होतो. तामिळनाडूंत करूरजवळील सरकारी कागद गिरणी 1984 पासून चालू आहे. मात्र चिपाडाच्या मोबदल्यांत तिला साखर कारखान्यांस वाफ अथवा जळण पुरवावें लागतें.

पाचट हें शेतकऱ्याच्या मालकीचें. हेक्टरी 8 ते 10 टन निघतें व त्यांत सुमारें अर्धा टक्का नत्र असतें. म्हणजे 10 टन पाचट जाळल्यास जवळजवळ 50 किलो नत्र व सारें सेंद्रिय द्रव्य नाहीसें होऊन केवळ राख उरते.

खोडवा राखावयाचा असल्यास आमचें मत स्पष्ट आहे. पाचट सरींत पसरावें, बुडखे जमिनीलगत छाटावे, आणि 10 टनांस 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजविणारें जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावें. ओल टिकते, तण दबतें.

प्रश्न उरतो तो खोडवा मोडून कांदा घेणारांचा. त्यांस रान लौकर हवें असतें. मजुरी परवडत नाहीं, म्हणून ते काडी ओढतात. त्यांस नुसता दोष देऊन भागणार नाहीं. फलटण-लोणंद रस्त्यावरील निंबकर कृषी संशोधन संस्थेनें 1990 नंतरच्या दशकांत, डॉ. अनिल राजवंशी यांच्या मार्गदर्शनाखालीं, पाचट व चिपाड यांपासून ज्वलनशील वायु काढणारें संयंत्र सिद्ध केलें. अपुऱ्या हवेंत पाचट तापवून निघणारा वायु भट्टीस चालतो, व मागें कोळशाची भुकटी उरते. पुण्याच्या 'आरती' संस्थेनें पाचटाच्या कोळशाच्या कांड्या चुलीसाठीं तयार केल्या. त्या कामास 2002 सालीं ॲशडेन पारितोषिक मिळालें.

खरी अडचण वाहतुकीची आहे. पाचट हलकें, गाडी भरते, पण वजन भरत नाहीं. यास्तव पाचट जेथें, तेथेंच भट्टी हवी. हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. शेजारच्या चार गांवांनीं एकत्र येऊन गठ्ठे बांधण्याचें यंत्र व एक भट्टी भागीदारींत घ्यावी, अशी आमची सूचना आहे. जमिनीचा वांटा जमिनीस आधीं द्यावा. उरेल तें चुलीस. बांधावर आग लावण्यास मात्र कांहींच उरूं नये.